खोली कोण आवरणार?

‘बाक हा तुमच्या विद्यार्थ्याचा पहिला शत्रू आहे,’ हे वाक्य वक्त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आणलं आणि आम्हाला ते नीट वाचता यावं म्हणून थोडे थांबले. आम्ही म्हणजे गिरणगावातल्या एका कॉलेजचे पंचवीस-तीस प्राध्यापक. जूनचा शेवट, दुपारचे तीन, ओल्या छत्र्या दाराशी बादलीत उभ्या केलेल्या, आणि सगळे बसलेलो बाकांवरच. वक्ते वर्गांची अंतर्गत रचना करून देणारे सल्लागार होते. पडद्यावर एकेक चित्र सरकत होतं. चाकांच्या खुर्च्या, कोपरे गोल केलेली टेबलं, चारी भिंतींना पांढरे फळे, घडीचं पार्टिशन, कोपऱ्यात केशरी बीनबॅग. अशी खोली केलीत की दोन-तीन विषयांचे शिक्षक एकत्र शिकवू लागतील, मुलं गटागटाने बसतील, बोलतील, एकमेकांकडून शिकतील. नव्या शैक्षणिक धोरणाला हेच हवंय, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीलाही हेच आवडतं. आणि शेवटी आमच्या हळव्या जागेवर बोट: ‘तुम्ही तर लालबाग-परळची माणसं. चाळीतल्या एका खोलीत स्वयंपाकघर, झोपायची खोली, अभ्यासिका, सगळं मावत होतं. लवचीक जागा तुमच्या रक्तातच आहे!’

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असाव्यात. चहा यायचा होता.

त्या भाषणाला उत्तर द्यायचं तेव्हा राहून गेलं, ते इथे देतो. पण त्याआधी आमच्याच बाकांवरच्या काही मंडळींचा समाचार घ्यायला हवा, नाहीतर मी त्यांच्यातलाच एक ठरेन. ‘मास्तर चांगला असला की झाडाखालीही वर्ग भरतो’ असं म्हणून विषय संपवणारा एक गट प्रत्येक स्टाफरूममध्ये असतो. हे वाक्य बोलणारा माणूस नेहमी पंख्याखाली बसलेला असतो. खोलीचा शिकण्यावर परिणाम होतो आणि तो मोजता येण्याइतका होतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइकनर या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने मोठ्या वर्गासाठी सात फूट व्यासाची गोल टेबलं आणली. एका टेबलाशी नऊ जण, त्यांत तीन-तीनचे तीन गट, आणि शिक्षक टेबलांमधून फिरणार. एमआयटीने पुढे पहिल्या वर्षाचं पदार्थविज्ञान अशाच टेबलांवर नेलं. मिनेसोटा विद्यापीठात तर एकाच शिक्षकाने एकच अभ्यासक्रम दोन तऱ्हेच्या खोल्यांत शिकवून पाहिला, एक नेहमीची आणि एक गोल टेबलांची. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले. प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून मुलांचा जो अंदाज बांधला होता त्याच्या पुढे गोल टेबलांवरची मुलं गेली होती. पुढच्या पाहणीत आणखी एक मजा दिसली. दोन्हीकडे अगदी सारखंच शिकवायचं असं ठरवूनही गोल टेबलांच्या खोलीत शिक्षकाचं भाषण आपोआप कमी झालं होतं. खोलीने माणसाला हलवलं.

हे सगळं मला मान्य आहे. गंमत अशी की सल्लागारांनी यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांच्याकडे फोटो होते.

आता बाक. आमचा बाक सहा फुटी, लोखंडी सांगाड्याचा. बसायची फळी आणि लिहायचा डेस्क एकाच सांगाड्याला जोडलेले, त्यामुळे तो ओढला तर सगळा ओढावा लागतो आणि खालच्या मजल्यावरून लगेच माणूस विचारायला येतो. डेस्कवर करकटकाने कोरलेली नावं, बदाम, आणि कुठल्याशा साली आउट झालेल्या फलंदाजाचा निषेध. या बाकाचं कौतुक करायचं कारण नाही. पण हा शत्रू असेल तर फारच बिनदाताचा शत्रू आहे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून शेजाऱ्याला पटवून देण्याची जी पद्धत रुळवली, ती पायऱ्यापायऱ्यांच्या जुन्या व्याख्यानगृहातच. एक अवघड प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं. खुर्च्या जमिनीत पक्क्या होत्या. हलायची ती उत्तरं.

आमच्याकडेही हे घडलं, म्हणून सांगतो. तृतीय वर्षाला अर्थशास्त्रात मी गिरणी संप शिकवतो. १८ जानेवारी १९८२ ही तारीख आमच्या भागात तारीख म्हणून शिकवावी लागत नाही, ती घराघरांत असते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हा संप मागे घेतल्याचं कुणी रीतसर जाहीर केलं नाही असं आजही ऐकायला मिळतं. एका वर्षी इतिहास विभागातल्या तरुण सहकाऱ्याला मी म्हटलं, आपण दोघं मिळून घेऊ या. तो आला. विषम रांगांतल्या मुलांनी पाय उचलून फळीच्या पलीकडे टाकले आणि मागच्यांकडे तोंड केलं. सहा-सहांचे गट, मध्ये एक डेस्क. याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. मी आदल्या आठवड्यात मुलांना सांगितलं होतं, घरात त्या काळातला काही कागद असेल तर आणा. एका मुलीने आजोबांचं बदली कार्ड आणलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला स्टेपलर मारून. बदली म्हणजे कायम नसलेला कामगार. रोज पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घेतलं जायचं, नसेल तर परत घरी. तिने हे सांगितलं, मग माझ्या सहकाऱ्याने बदलीची पद्धत कशी आली ते सांगितलं, मग मी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याकडे वळलो. या कायद्यामुळे एकाच संघटनेला मान्यता होती, आणि संपाचे नेते दत्ता सामंत यांची लढाई पगार-बोनसाइतकीच या कायद्याशीही होती. मागच्या रांगेतून एका मुलाने विचारलं, ‘सर, म्हणजे संप कायद्याने हरला की पैशाने?’

आम्ही दोघांनी एकाच वेळी उत्तर दिलं आणि दोन वेगळी उत्तरं दिली.

वर्गात जी शांतता झाली ती मला अजून आठवते. मुलांनी लिहायचं थांबवलं होतं. कुठलं उत्तर लिहायचं हे ठरेना, म्हणून त्यांना ऐकावं लागत होतं. सहअध्यापन, सहयोगी अध्यापन, काय म्हणायचं ते म्हणा, ते हे. दोन शिक्षकांनी मुलांसमोर एकमेकांशी असहमत होणं. अर्धा तास तू आणि अर्धा तास मी अशी वाटणी केली तर त्याला आपण तासांची अदलाबदल म्हणतो, आणि ती तर रोजच करतो.

तास संपल्यावर सहकाऱ्याने ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं आणि तो म्हणाला, ‘यावर माझं नाव चालेल.’

तो तासिका तत्त्वावर होता. म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे, न घेतलेल्या तासाचे नाहीत, दिवाळीच्या सुटीचे नाहीत, मेचे नाहीत. माझ्या तासाला तो येऊन बसला, बोलला, त्यासाठी आदल्या रात्री वाचून आला, पण वेळापत्रकात तो तास माझ्या नावावर. सही माझी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला सोळा तास, सहयोगी प्राध्यापकाचा चौदा. एका वर्गात एकाच तासाला दोघं उभे राहिले तर तो भार कुणाचा? कायम असलेल्यांना हा प्रश्न कागदी वाटतो. तासिकावाल्याला तो महिन्याच्या भाड्याचा असतो. सहकारी तीन आठवडे आला, मग त्याला दुसऱ्या कॉलेजात त्याच वेळी तास मिळाला. त्याला थांब म्हणायचा मला अधिकार नव्हता.

सल्लागारांच्या पडद्यावर दोन हसरे शिक्षक एका गोल टेबलाशी वाकून उभे होते. त्यांतला कोण तासिकेवर आहे हे चित्रातून कळत नव्हतं.

हा माझा पहिला आणि मुख्य आक्षेप. आमच्या इमारतींमध्ये एकत्र शिकवलं जात नसेल तर त्याचं कारण हजेरीपटाच्या रकान्यात आहे. तो रकाना एका सहीपुरता छापलेला आहे. खुर्चीला चाकं लावून रकाना रुंद होत नाही.

दुसरा आक्षेप त्रैराशिकाचा आहे. आमच्या मजल्यावरची मोठी खोली साधारण तीस फूट बाय चाळीस फूट. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात कला-वाणिज्याची तुकडी एकशे वीसची. बाकांवर एकशे वीस मुलं दाटीवाटीने का होईना बसतात, माणशी दहा चौरस फूट. आता सात फुटी गोल टेबल ठेवा. भोवती खुर्च्या, खुर्ची मागे ओढायला जागा, शिक्षकाला फिरायला वाट. एका टेबलाला तेरा-चौदा फुटांचा चौकोन लागतोच. चाळीस फुटांत तीन, तीस फुटांत दोन, मिळून सहा टेबलं. सहा नवे चोपन्न. उरलेल्या सहासष्टांनी काय करायचं? (‘रोजची हजेरी पाहता पुरेल’, असं आमच्या गणिताच्या सरांचं मत पडलं. ते विनोदाने म्हणाले की नाही हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.) तांत्रिक शिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेचं वर्गखोलीचं जुनं मापही साठ विद्यार्थ्यांना सहासष्ट चौरस मीटर, म्हणजे माणशी सव्वा चौरस मीटरच्या आतच. आपले नियमच बाकासाठी आखलेले आहेत. परळमध्ये आणखी एक खोली मागणं म्हणजे काय, हे ज्याने इथे कुणाचा पुनर्विकास पाहिलाय त्याला सांगायला नको.

आणि आवाज. सहा टेबलांवर चोपन्न मुलं बोलू लागली की प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलाच्या वर आवाज चढवतं. फरशी, सिमेंटच्या भिंती, उघडं छत, कुठेही आवाज शोषणारं काही नाही. बाहेर पुलावरची वाहतूक, पलीकडे कुठली तरी चाळ पाडायचं काम. पावसाळ्यात खिडक्या लावल्या तर पंखे मोठे करावे लागतात. त्या पडद्यावर आवाजाबद्दल एक शब्द नव्हता. फोटोत आवाज येत नाही. भिंतींना सॉफ्टबोर्ड आणि खिडक्यांना जाड तागाचे पडदे लावले तरी पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला एका चाकाच्या खुर्चीइतकाही खर्च माणशी येत नाही. पण सॉफ्टबोर्डचं उद्घाटन कुणी करत नाही.

आता तो चाळीचा मुद्दा. खरं सांगायचं तर मी लिहायला बसलो तो त्यासाठीच.

आमच्या लालबागच्या खोलीत सकाळी पाचला पाणी यायचं. त्याआधी अंथरुणं उचललेली असायची. गाद्यांच्या वळकट्या कॉटखाली, उशा माळ्यावर. मग तिथेच स्टोव्ह, तिथेच पाट, तिथेच वडिलांची दाढी. आठनंतर तीच जागा शिवणाची, दुपारी तांदूळ निवडायची, संध्याकाळी माझ्या वह्यांची. पाहुणा आला की मी गॅलरीत. खोली खरंच दिवसातून सात वेळा बदलायची. पण ती आपोआप बदलत नव्हती. माझी आई ती बदलत होती. सात वेळा वाकून, सात वेळा उचलून. तिच्या कमरेचं दुखणं हा त्या लवचीकपणाचा खर्च होता आणि तो कुठल्याच हिशेबात लिहिला गेला नाही. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्यांत तर पाळीप्रमाणे झोपायची जागा बदलायची. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा. तिथेही स्वयंपाकाला खाणावळवाली बाई असायचीच, कुठल्या ना कुठल्या खोलीत.

लोअर परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी एल्फिन्स्टन हायस्कूलचा अभ्यास करायचा. खोलीत माणसं, सामान, जातं, शेळी. दिवसा अभ्यासाला जागाच नाही. धनंजय कीरांनी लिहिलेल्या आंबेडकर-चरित्रात ते वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावं लागतं. मुलाने लवकर झोपायचं आणि वडिलांनी त्याला रात्री दोनला उठवायचं, असा त्या घराचा रिवाज होता. रामजी सकपाळ तोपर्यंत जागे राहायचे. म्हणजे रात्री दोनला ती खोली अभ्यासिका व्हायची आणि तिचं भाडं बाप आपल्या झोपेतून देत होता. याच मुलाला दिवसा वाचायला चर्नी रोडच्या बागेत जावं लागे, आणि तिथे विल्सन हायस्कूलमधले कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला हेरलं, पुस्तकं पुरवली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी त्याला आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. बागेतलं बाकडंही पक्कंच होतं. शेजारी येऊन बसणारा मास्तर मात्र स्वतःच्या शाळेबाहेर, स्वतःच्या वेळेत, दुसऱ्या शाळेच्या मुलासाठी बसत होता.

तेव्हा चाळीच्या एका खोलीचं कौतुक करायचं तर पूर्ण करा. ‘रक्तात आहे’ म्हणणाऱ्याने ते रक्त कुणाचं हेही सांगावं.

कुणी म्हणेल, तुम्ही सगळंच नाकारताय, मग मुंबईत हे कधी जमलं की नाही? जमलं. दादर स्टेशनवरून पश्चिमेला उतरलात की काही मिनिटांत छबिलदास मुलांची शाळा लागते. ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था मोडल्यावर अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि मंडळींनी १९७१ साली ‘आविष्कार’ सुरू केली. नाट्यगृह परवडणारं नव्हतं आणि त्यांच्या नाटकांना मोठं नाट्यगृह नकोही होतं. १९७४ पासून त्यांना शाळेचं सभागृह मिळालं आणि पुढची दीडेक दशकं मुंबईचं प्रायोगिक नाटक तिथे घडलं, इतकं की लोक आजही ‘छबिलदास चळवळ’ असंच म्हणतात. एका चळवळीला शाळेचं नाव लागलं हे आपल्याकडे सहसा होत नाही. दिवसा शाळा, संध्याकाळी तालीम आणि प्रयोग. खेळ कुठे आणि प्रेक्षक कुठे हे नाटक ठरवायचं. मराठीबरोबर हिंदीवाले यायचे, सत्यदेव दुबे यायचे, नवे लेखक, नवे नट एकमेकांचं पाहून शिकायचे. विद्यापीठांना जी ‘सहयोगी अध्ययनाची जागा’ हवी आहे ती हीच, फक्त तिला पदवी नव्हती.

ही जागा कशाने चालली? फर्निचर विकत घेतल्याने तर नव्हेच. सुलभाताई त्या शाळेत शिक्षिका होत्या, म्हणजे दोन्ही घरांत पाय असलेलं एक माणूस होतं. जागा कधी मिळणार आणि कधी परत करायची हे ठरलेलं होतं. आणि नाटकवाल्यांमध्ये खुर्च्या, लेव्हल्स, दिवे उचलणं हे नटालाही चुकत नाही, त्याला ते बॅकस्टेज म्हणतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरायची तर जागा पुन्हा शाळेची झालेली हवी, एवढा साधा करार. पुढे शाळेने जागा देणं थांबवलं आणि आविष्कारला माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवावं लागलं. खुर्च्या त्याच नेता आल्या असत्या. छबिलदास मात्र नेता आलं नाही.

यावर लगेच कुणीतरी ‘मग प्राध्यापकांनीही उचला खुर्च्या’ म्हणणार, म्हणून आधीच सांगतो: उचलू. मी उचलल्यात. पण नाटकवाल्यांनी हौसेने केलेलं कॉलेजने फुकट मागू नये. आमचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. खोली गटांसाठी लावायला सात मिनिटं, पुन्हा रांगेत आणायला सात, हजेरीला पाच. उरली एकोणतीस. सकाळी त्याच खोलीत ज्युनिअर कॉलेज भरतं, आणि परीक्षा आली की प्रत्येक बाकावर खडूने बैठक क्रमांक पडतात, बारावीचं केंद्र असलं तर पोलिससुद्धा येतात. तेव्हा रांग हवीच. म्हणजे ही खोली रोज उलगडायची आणि रोज घडी घालायची आहे. कोण घालणार? आमच्या मजल्यावर दोन शिपाई होते. एक निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. दुसरा आता दोन मजले, कुलपं, झेरॉक्स आणि प्राचार्यांचा चहा सांभाळतो. शाळांमध्ये तर डिसेंबर २०२० मध्ये शासनाने शिपायांची पदं भरण्याऐवजी ठोक भत्ता द्यायचं ठरवलं. चाकाची खुर्ची ढकलायला हलकी असते हे खरं, पण ढकलायला कुणीतरी लागतंच.

म्हणून मग काय होतं ते मी एका कॉलेजात पाहून आलो. माझी एक मैत्रीण तिथे शिकवते. दुसऱ्या मजल्यावर सुंदर खोली. निळ्या-पिवळ्या खुर्च्या, प्रत्येकीला उजव्या हाताला लिहायची पाटी. डावखुऱ्यांचा विचार यादीत नव्हता. दप्तर ठेवायला सीटखाली जाळी, पण आमच्या मुलांच्या दप्तरात डबा आणि ओली छत्री असते, ती जाळीत मावत नाही. पहिल्या पावसात फरशीवर पाणी आणि पाण्यात चाकं. काही खुर्च्यांवरचं कारखान्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मी बसलो तर ते कुरकुरलं. दारावर नोटीस: खोली वापरायची असल्यास तीन दिवस आधी लेखी अर्ज करावा. मैत्रिणीने सांगितलं, समितीच्या भेटीच्या दिवशी उघडली होती, मग दोनदा. किल्ली कार्यालयात. ‘खुर्च्या इकडेतिकडे होतात’, हे कारण. चाकांच्या खुर्च्या घ्यायच्या आणि त्या इकडेतिकडे होतात म्हणून खोलीला कुलूप लावायचं. यावर मला काही बोलायचं नाही.

ही खोली कुठून येते हेही मला हळूहळू कळलं. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात भाड्याची कार्यालयं आहेत, टेबल तासावर मिळतं, काचेच्या भिंतीवर लिहिता येतं, कोपऱ्यात हीच केशरी बीनबॅग. आमच्या मुलांचे आजोबा ज्या आवारात साच्यावर उभे राहायचे तिथलंच हे नवं फर्निचर, कॅटलॉगातून आता आमच्या वर्गात येतंय. कार्यालयात ते शोभतं, कारण तिथे रात्री येऊन सगळं पुसणारी, लावणारी माणसं ठेकेदाराकडून येतात आणि सकाळी दिसत नाहीत. आमच्याकडे तेवढंच शिकवण्यासारखं आहे: खोली आवरणारा दिसतो, तो आपल्याला नावाने हाक मारतो.

भाषणानंतर पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी विभागांकडून मागण्या मागवल्या. ‘लवचीक वर्गखोलीसाठी आवश्यक साहित्य’ असा कागद आला. मी लिहिलं: आठ बाकांची बसायची फळी डेस्कपासून कापून सुटी करावी आणि पायांना रबराच्या टोप्या घालाव्यात. दोन भिंतींना सॉफ्टबोर्ड, मागच्या भिंतीला एक जास्तीचा फळा. आठवड्यातून एकदा दोन सलग तास, आणि त्यानंतरचा तास त्या खोलीत ठेवू नये. हजेरीपटात दुसऱ्या शिक्षकाच्या सहीचा रकाना, आणि तो तासिका तत्त्वावर असेल तर त्या तासाचे त्याला पैसे. मजल्यावर एक कायम शिपाई. दाराशी छत्र्यांसाठी मोठी बादली, आताची फुटली आहे.

कागद आठवड्याने परत आला. फळ्या कापणं, टोप्या, सॉफ्टबोर्ड, फळा आणि बादली यांवर बरोबरची खूण होती. सलग तासांवर ‘वेळापत्रक समितीकडे’. दुसरी सही आणि शिपाई या दोन ओळींभोवती लाल शाईने कंस घालून कार्यालयाने लिहिलं होतं: ‘फर्निचर या शीर्षाखाली बसत नाही.’

सुतार सोमवारी येणार आहे.